चाळीस-चाळीस

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार. प्लेनो, डॅलसजवळ, टेक्सस.

काल रात्री सामना संपला आणि हसावं की चिडावं तेच कळेना. अमेरिकन फुटबॉलमध्ये आमचे डॅलस काउबॉइज ४०, ग्रीन बे पॅकर्स ४०. जादा वेळ खेळूनही बरोबरीच. आजा मेला, नातू झाला! काल इथल्या सकाळी दुबईत आशिया चषकाच्या क्रिकेटमध्ये आपण पाकिस्तानला हरवलं तेव्हा निदान निकाल तरी लागला होता. (करंडक हातात आला नाही, तो भाग वेगळा.)

बरोबरी झाल्यामुळे घरातलं भांडणही तसंच राहिलं. विषय नेहमीचाच, काउबॉइजचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) डॅक प्रेस्कॉट पुरेसा आहे का? लेकाचं उत्तर ठाम, नाही. नवऱ्याला डॅक प्राणप्रिय. सामन्याआधी डॅक कंबर फिरवत ती ठरलेली कवायत करतो ना, ती हा माणूस भोंडल्याच्या खिरापतीची डबी हातात धरून स्वयंपाकघरात करत होता. कमरेचा पट्टा लावणारा माणूस! लेकाने डोळे मिटून घेतले.

लेकाचं आरोपपत्र तयारच असतं. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, डॅकचे दोन विजय, पाच पराभव. जानेवारी २०२२ ला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध १४ सेकंद उरलेले, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही नाही, आणि डॅक चेंडू घेऊन मधून पळत सुटला. १७ यार्ड गेला, घसरून बसला. पुढच्या खेळीआधी चेंडू पंचाने जागेवर ठेवावा लागतो. तो बिचारा मागून धावत आला, खेळाडूंच्या गर्दीतून वाट काढेपर्यंत घड्याळ शून्यावर. मग जानेवारी २०२४, पुन्हा पॅकर्सच, तेही आपल्या घरी. मध्यंतराआधीच पॅकर्स २७, आपण शून्य. त्यात डॅकने फेकलेला एक चेंडू त्यांच्या सॅव्हेजने मध्येच पकडून थेट टचडाउनपर्यंत (फुटबॉलमधला गोलच म्हणा, सहा गुणांचा) नेला. शेवटी ३२-४८ असे हरलो. डॅकचे ४०० च्या वर यार्ड झाले, पण लेक म्हणतो, "आई, घर जळाल्यावर बंब आणल्याचं कौतुक नको सांगू." हे वाक्य त्याला त्याच्या बापाकडून आलंय, आणि आता ते बापावरच उलटतंय.

यातलं मला काहीच खोटं म्हणता येत नाही. तो २७-० चा तास डॅकच्याच नावावर लागणार. पण त्याच हंगामात त्याने ३६ टचडाउन पास दिले होते, अख्ख्या लीगमध्ये (एनएफएलमध्ये) सर्वांत जास्त, आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, निवडायच्या मतदानात तो दुसरा आला होता. म्हणजे सतरा सामन्यांत ज्याच्या जिवावर तुम्ही प्लेऑफपर्यंत जाता, त्यालाच एका रविवारनंतर विचारायचं, तुला खेळता तरी येतं का?

कालचंच घ्या. त्याचे पास झेलणारा मुख्य खेळाडू लॅम्ब घोटा दुखावून बाहेर. डॅकचे ४० पैकी ३१ पास पोचले, ३१९ यार्ड, तीन टचडाउन हवेतून आणि एक स्वतः पळून. "हिअर वी गोऽऽ" ही त्याची हाळी रात्रभर टीव्हीतून ऐकू येत होती. क्वार्टरबॅकने आणखी काय करायचं? उलट बाजूला जाऊन टॅकलही तोच करणार का? ४० गुण करून जिंकता येत नसेल तर दुखणं चेंडू फेकणाऱ्याच्या खांद्यात नाही, हे कळायला फुटबॉलचं शास्त्र लागत नाही.

दुखणं कुठे आहे ते काल मैदानावरच दिसत होतं, फक्त पॅकर्सच्या जर्सीत. मायका पार्सन्स, आमच्या बचावातला हुकमी खेळाडू. ऑगस्टअखेर काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांनी त्याला पॅकर्सना देऊन टाकला. जादा वेळेत डॅक एंड झोनच्या, म्हणजे टचडाउनच्या रेषेच्या, तोंडाशी असताना त्याला गाठून पाडलं ते त्याच पार्सन्सने. टचडाउनऐवजी फील्ड गोलवर (चेंडू लाथाडून मिळणाऱ्या तीन गुणांवर) भागवावं लागलं, आणि पॅकर्सनी एक सेकंद शिल्लक असताना बरोबरी केली. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

जेरी मालकही आणि संघ निवडणारे जनरल मॅनेजरही, १९८९ पासून. खेळाडूशी करार करताना त्यांची एकच रीत, वरातीमागून घोडं. डॅकबाबत हेच झालं. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातले खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात त्यात) त्यांना आधी क्वार्टरबॅक पॅक्स्टन लिंच हवा होता, मग कॉनर कुक. दोघेही हातचे गेले म्हणून चौथ्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर डॅक. म्हणजे पहिला कौल लागला तोही नशिबाने. तेव्हाचा क्वार्टरबॅक टोनी रोमो जखमी झाला, पोराने पहिल्याच वर्षी १३ विजय, ३ पराभव करून दाखवलं. तेव्हाच्या पगारात तो जवळजवळ फुकटच होता. पुढे मोठ्या कराराची वेळ आली तर जेरी ताणत बसले. २०२० मध्ये टॅग लावला, म्हणजे मोठा करार न करता त्याला एका वर्षासाठी अडकवून ठेवलं. ऑक्टोबरात डॅकचा घोटा असा मोडला की टीव्हीकडे बघवेना. तरी मार्च २०२१ मध्ये चार वर्षांचे १६ कोटी डॉलर द्यावेच लागले. वर, पुन्हा टॅग लावणार नाही आणि परवानगीशिवाय दुसरीकडे पाठवणार नाही, हेही लिहून द्यावं लागलं. २०२४ ला मग मालकाच्या हातात पत्ताच उरला नव्हता. हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी सही झाली, चार वर्षं, २४ कोटी. वर्षाला सरासरी सहा कोटी, लीगमध्ये सर्वांत महाग.

२०२५ च्या हंगामाची सॅलरी कॅप, म्हणजे संघाने पगारावर खर्च करायची मर्यादा, २७.९२ कोटी डॉलर आहे. आयपीएलच्या लिलावात थैली ठरलेली असते तसंच हे. एकावर एवढे उधळले की बाकीच्यांसाठी हात आखडता. हिशेब पुढच्या वर्षांवर ढकलता येतो, पण कधीतरी भरावा लागतोच. लेक म्हणतो, म्हणूनच डॅक परवडत नाही. मी म्हणते, डॅकने सौदा केला, बंदूक नव्हती लावली. वेळेत सही केली असती तर स्वस्तात पडला असता. पार्सन्सचंही तेच. आधी चालढकल, मग रुसवेफुगवे, शेवटी पॅकर्सनी त्याला १८.८ कोटी देऊन टाकले.

आणि लोक भांडतात कशावर? डॅक पुरेसा आहे का! चोर सोडून संन्याशाला फाशी. १९९६ च्या जानेवारीनंतर काउबॉइजना सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, नाही. तेव्हापासून किती क्वार्टरबॅक आले-गेले, मालक तेच. सूर्य डोळ्यांवर येतो म्हणून स्टेडियमच्या खिडक्यांना पडदे लावा म्हटलं, तर तेही ऐकत नाहीत. गेल्या वर्षी लॅम्बला त्या उन्हात टचडाउनचा चेंडूच दिसला नव्हता.

मला विचाराल तर डॅक हा कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक नाही आणि होणारही नाही, बत्तिशी पार झाली. बाकी संघ धड असेल तर याच्यासोबत पार पोचता येतं. धड नसलेला संघ एकट्याने ओढून नेणारे अख्ख्या लीगमध्ये दोन-तीनच असतात, आणि ते विकायला निघत नाहीत.

लेकाला हे सगळं पटलं असं नाही. जेवताना त्याने एवढंच विचारलं, "मग जेरीला बेंचवर कसं बसवायचं?" याला नवऱ्याकडेही उत्तर नव्हतं.

येत्या रविवारी न्यू जर्सीत न्यू यॉर्क जेट्सशी गाठ आहे. जेट्स अजून एकही जिंकलेले नाहीत. लेकाने आताच जाहीर केलंय की तो विजय धरायचा नाही. हरले तर मात्र धरायचं.