आत्या आणि जमिनीखालचं हॉटेल

आज संध्याकाळी दादरला आत्याकडे गेले होते. गर्दीतून घामाघूम होऊन पंख्याखाली बसते न बसते तोच ती म्हणाली, "अगं, मी तिकडे 45 डिग्रीच्या गावात अंगावर पांघरूण घेऊन झोपले!"

हे गाव म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी. ॲडलेडच्या उत्तरेला साधारण 850 किलोमीटर, वाळवंटात. 1915 साली तिथे ओपल नावाचं रत्न सापडलं आणि उन्हाला वैतागलेल्या लोकांनी जमिनीखालीच घरं कोरली. आता हॉटेलं, चर्चसुद्धा खाली. आतलं तापमान बारा महिने 23-25 अंशांच्या आसपास, एसीशिवाय. तिच्या खोलीला खिडकीच नव्हती. "सकाळ झाली ते कळेचना, नाश्ता हुकला!"

राहायची जागा शोधायची तिची पद्धत अजब आहे. पाच स्टारवाले रिव्ह्यू ती वाचतच नाही, थेट एक-दोन स्टारवाले. "बाथरूम लहान" चालतं, "रात्री पाणी नव्हतं" अजिबात नाही. फोटोही हॉटेलचे नाही, पाहुण्यांनी काढलेले बघायचे. मागच्या वर्षी कोकणात मी 'सी व्ह्यू' खोली घेतली, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर! पाण्याच्या टाकीवर चढल्यावर समुद्र दिसायचा.

आता तिला स्वीडनमधल्या बर्फाच्या हॉटेलात जायचंय. टोर्न नदीतला बर्फ कापून बांधलेलं, आत उणे 5 अंश, झोपायला रेनडिअरचं कातडं.

"आत्या, गुडघ्यांचं काय?"

"त्यांनाही नेते की."