'बीचफ्रंट' योगा रिट्रीट बुक केलं आणि मध्ये हायवे निघाला: श्रीलंकेला जाणाऱ्यांसाठी

मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर योगा रिट्रीटला जाऊन आलो. कोल्हापुरातनं अजून कुणी मेच्या सुट्टीत तेच बुक करायला निघालं असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं, बीचफ्रंट. फोटोत लाकडी फरशीची उघडी योगशाळा, पुढं माड, त्याच्या मागं निळा समुद्र. प्रत्यक्षात त्यांच्या योगशाळेतनं भातशेती दिसते. समुद्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, ऐकू येतात ते बसचे हॉर्न. फोटो होता तो किनाऱ्यावरच्या दुसऱ्याच एका जागेचा, सकाळचं सेशन तिथं घेतात आणि तिथवर आपलं आपण जायचं.

जागा गॉलच्या पुढं, अहंगामा आणि मिडिगामाच्या मधली. या पट्ट्यात समुद्राला लागून कोलंबोकडनं माताराला जाणारा ए-२ रस्ता आहे आणि त्याच्या आतल्या अंगाला रेल्वेलाइन. म्हणजे जे रिट्रीट रस्त्याच्या आत आहे त्याला समुद्र गाठायचा तर आधी रूळ आणि मग रस्ता, दोन्ही ओलांडायलाच लागणार. हे नकाशावर झूम केलं की दिसतं, पण त्यांनी नकाशावरची खूण दिली होती ती किनाऱ्यावरच्या जागेची, मुक्कामाच्या जागेची नाही. याला मी फसवणूकच म्हणते.

त्या रस्त्याचं नीट सांगते, कारण बाकीचं सगळं सोसण्यासारखं होतं, हे नव्हतं. पहाटे सव्वापाच वाजता अंधारात खांद्यावर मॅट आणि हातात मोबाइलची बॅटरी घेऊन निघायचं. शेतातली पायवाट ठीक आहे, कुत्री भुंकतात पण अंगावर येत नाहीत. मग रूळ, तिथं गेट नाही, दोन्हीकडं बघून ओलांडायचे. मग ए-२. फूटपाथ नाही. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर हातभर जागा, त्यात गटारीवर टाकलेल्या सिमेंटच्या फरश्या, मधली एखादी गायबच आणि दुसरी पाय ठेवला की डुगडुगते. आणि बस! तिथले खाजगी बसवाले पुढचा प्रवासी पकडायला एकमेकांशी रेस लावतात, ओव्हरटेक करताना बस पांढऱ्या पट्टीच्या बाहेर येते, वाऱ्याच्या झोतानं मॅट खांद्यावरनं फिरते. पहिल्याच दिवशी जाऊबाईंनी माझा दंड असा धरला की बोटांचे वण उठले. मी पावसात पन्हाळा-पावनखिंड चाललेली बाई आहे, चालायचा मला त्रास नाही, चिखलाचा नाही, चढाचा नाही. पण जिथं चुकल्यावर घसरून पडणं नाही तर थेट बसखाली जाणं आहे तिथं फिटनेसचा काय उपयोग? त्यांनी सांगितलेलं 'समुद्र ५ मिनिटांवर', ते टुकटुकनं, म्हणजे तिथल्या रिक्षानं. चालत पंचवीस मिनिटं. आणि टुकटुक मागितली तर ती त्यांचीच, तिचा दर बिलात वेगळा, बाहेरच्या टुकटुकच्या जवळजवळ दुप्पट. रस्त्यावर हात करून थांबवली की तेवढंच अंतर निम्म्यात जायची, हे आम्ही तिसऱ्या-चौथ्या फेरीला करून बघितलं.

आता पैशाचं. पॅकेजचा आकडा डॉलरमध्ये आणि पुढं बारीक दोन अधिक चिन्हं. याचा अर्थ त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर व्हॅट, आणि श्रीलंकेत १ जानेवारी २०२४ पासून व्हॅट १८ टक्के आहे. सर्व्हिस चार्ज धरून जो आकडा येतो त्यावर व्हॅट लागतो, म्हणजे १०० डॉलरचे १३० च्या आसपास होतात. आपण कार्डनं भरलं की बँक परकीय चलनाचे वर साडेतीन टक्क्यांपर्यंत घेते, ते वेगळंच. म्हणून मेलमध्ये एकच प्रश्न विचारायचा, सगळे टॅक्स धरून शेवटचा आकडा किती, आणि उत्तर लेखी घ्यायचं. फोनवर सगळे गोड बोलतात. एअरपोर्ट पिकअपही त्यांच्याकडनं घेऊ नका, आम्हाला तो अ‍ॅपवरच्या टॅक्सीच्या दीडपट पडला. व्हिसाचं ईटीए, म्हणजे जायच्या आधी ऑनलाइन काढायची परवानगी, सरकारी साइटवरच काढा, सारख्या दिसणाऱ्या एजंटांच्या साइट मधल्या मधे जास्त पैसे घेतात.

हवामानाबद्दल तर कुणी चकार शब्द काढला नाही, उलट 'समर स्पेशल' म्हणून सवलत दिली. नैर्ऋत्य मान्सून केरळला साधारण १ जूनला येतो, श्रीलंकेच्या या किनाऱ्यावर त्याच्या आधीच पोचतो. मे ते सप्टेंबर दक्षिण आणि पश्चिम किनारा खवळलेला असतो, लाल बावटे लागतात, मिरिसाच्या व्हेल बघायच्या बोटींचा सीझनही नोव्हेंबर ते एप्रिलच. या दिवसांत जायचंच असेल तर पूर्व किनारा बघा, अरुगम बे किंवा त्रिंकोमाली, तिकडं तेव्हा सीझन असतो, शांत समुद्र हवा तर त्रिंकोमाली, अरुगम बेला सर्फिंगच्या लाटा असतात. दक्षिणेला जायचं तर डिसेंबर ते मार्च. मेमध्ये मुलांची सुट्टी असते म्हणून दक्षिणेला जाऊ नका, सवलत कितीही असू दे.

आणि किनारा आहे म्हणजे पाण्यात उतरता येतं असं नाही. अहंगामा-मिडिगामाला बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली खडक आणि प्रवाळ आहे, ती सर्फिंगवाल्यांची जागा. पोहायचं असेल तर उनवटुना. सर्फिंग शिकायचं असेल तर वेलिगामाचा उपसागर, तिथं वाळूचा तळ आहे. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतनं बाहेर पडा आणि मगच आत वळा. हे पोहता येणाऱ्यांसाठी, ज्यांचं पोहणं रंकाळ्याजवळच्या टँकमध्येच झालंय त्यांनी गुडघाभर पाण्याच्या पुढं जाऊ नये.

योगाचं काय, तर सकाळी विन्यास, म्हणजे श्वासाबरोबर न थांबता एका आसनातनं दुसऱ्यात जायचं, आणि संध्याकाळी यिन, म्हणजे एकेका आसनात काही मिनिटं अंग सैल सोडून थांबायचं. मी बरीच वर्षं राजारामपुरीतल्या क्लासला जाते, तिथं एका आसनात थांबायला शिकवतात, खांदा कुठं, गुडघा कुठं, बाई येऊन हातानं सरळ करतात. इथं विन्यासात चतुरंगामागनं चतुरंग (कोपरं दुमडून अंग जमिनीला समांतर धरायचं आसन), कुणाचे खांदे कानाला लागलेत ते बघायला कुणाला वेळ नाही. वेबसाइटवर ज्या शिक्षिकेचा फोटो होता ती केव्हाच सोडून गेलेली, शिकवायला दुसराच मुलगा, २०० तासांचा कोर्स केलेला. २०० तास म्हणजे रोज सात-आठ तास धरले तर महिन्याभराचा कोर्स, तो करून लगेच शिकवायला उभं राहतात. मुलगा चांगला होता, मेहनती होता, पण मनगट किंवा खांदा दुखरा असेल तर अशा क्लासला जाऊ नका, हे मी ठाम सांगते. तुमच्या तारखांना कोण शिकवणार आणि त्याला किती वर्षं झाली, हे आधी विचारा. संध्याकाळचं यिन मात्र फार छान. प्रवासानं आखडलेली कंबर त्या एका तासात सुटायची, त्यासाठी परत जाईन.

संध्याकाळी डास. उघडी योगशाळा, शेजारी भातशेती, पावसाचे दिवस, आणि श्रीलंकेत डेंग्यू आहे. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि मलम घेऊनच सेशनला बसायचं. दमट हवेत मॅट निसटते, तिच्यावर टाकायला सुती पंचा न्या.

खाणं रिट्रीटचं म्हणजे वाटीत फळं आणि वर बिया, दोन तासांत पोटात कावळे. गावातल्या साध्या खानावळीत राइस अँड करी मिळतो, भात, परिप्पू म्हणजे मसूरडाळ, कोवळ्या फणसाची भाजी, भरपूर, आणि रिट्रीटच्या एका वाटीच्या भावात दोघी पोटभर जेवतो. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, नारळाच्या चटणीत, पोल सांबोलमध्ये, वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. 'उंबलकड नको' असं आधीच सांगायचं. आमच्या जाऊबाई माळकरी, त्यांना हे पहिल्या जेवणानंतर कळलं आणि त्या दिवशी त्यांनी परत काही खाल्लं नाही, नुसता चहा.

गॉलचा किल्ला बघितला, छान आहे. कोग्गलाकडं समुद्रात रोवलेल्या काठीवर बसलेले मच्छीमार फोटोचे पैसे मागतात, आधी ठरवा मगच कॅमेरा काढा.

जायचं कसं, तर रात्रीची महालक्ष्मी धरून मुंबई, तिथनं कोलंबोचं विमान. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे आणि आपल्याला जायचं दक्षिणेला, एक्सप्रेसवेनं अडीच-तीन तास. स्वस्तात जायचं तर कोलंबो फोर्ट स्टेशनवरनं माताराची रेल्वे, तिकीट खिडकीवर मिळतं, उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा क्लास घेऊ नका, महालक्ष्मी, विमान आणि गाडी यात पाठीचं जे होतं त्यावर लगेच सूर्यनमस्कार म्हणजे कंबरेला उसण.

पुढच्या वेळी आम्ही पॅकेज घेणारच नाही. जानेवारी-फेब्रुवारी, उनवटुना किंवा हिरिकेटियाला रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला साधं गेस्टहाउस, आणि योगाला एकेका क्लासचे पैसे देऊन जायचं, तशी सोय या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी आहे. शिक्षक आवडला नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडं. ज्यांना पॅकेजच हवंय त्यांनी मालकाला सांगायचं, खोलीच्या दारात उभं राहून मोबाइल चालू करा आणि न थांबता समुद्रापर्यंत चालत व्हिडिओ पाठवा. आम्ही परत आल्यावर दुसऱ्या दोन ठिकाणी असं विचारून बघितलं. एकानं त्याच दिवशी पाठवला. दुसऱ्यानं परत तेच माडाचे फोटो पाठवले, त्याचं नाव आम्ही यादीतनं काढलं.