झोप लागली, याचंच वाईट वाटतंय

शनिवार, रात्री

काल शेवटचा शो बघून आले आणि पडल्या पडल्या झोपले. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हाच जाग आली. दिवसभर तेवढंच डोक्यात घोळतंय. भुताचा सिनेमा बघून आले होते मी! लिफ्टमधून एकटी वर आले. पॅसेजमधला सेन्सरचा दिवा मी लांब असतानाच आपोआप लागला आणि त्या उजेडात मी पर्समधली चावी शोधली. मागे वळून बघावंसंसुद्धा वाटलं नाही.

टॅक्सीत भाचीने विचारलं, "मावशी, तू लहानपणी खरंच घाबरायचीस का गं असल्या सिनेमांना?" चिडवत नव्हती, सहज विचारलं तिने. मला उत्तर देता आलं नाही. परळचा पूल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेलच. डोंगरातला बंगला, मुंबई सोडून तिथे राहायला आलेलं जोडपं, त्यांची लहान मुलगी आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली. यातल्या कशालाच माझी हरकत नाही. बंद खोली मला आणखी शंभर सिनेमांत चालेल. लोक म्हणतात तेच तेच दाखवतात. मला तेच हवं असतं. गणपतीत दरवर्षी तीच आरती म्हणतो, कंटाळा येतो का?

पण एक प्रसंग लिहून ठेवायलाच हवा, कारण तिथे सगळं त्यांच्या हातात होतं. आई आरशासमोर बसून मुलीची वेणी घालतेय. मुलगी पाठमोरी. आरशात आईचा चेहरा दिसतो, मुलीचं फक्त डोकं. कंगवा केसांच्या गुंत्यात अडकतो, आई हळूच सोडवते. आणि खालून, अंगणातून त्याच मुलीचा आवाज येतो, "आई, माझी वेणी घालून दे ना." सगळं थिएटर गप्प झालं. माझ्या शेजारचा माणूस पॉपकॉर्न तोंडाशी नेता नेता थांबला. मी खुर्चीचा दांडा धरला. किती दिवसांनी!

आता काय करायला हवं होतं? काहीच नाही. तिचा हात थांबू द्यायचा. कंगवा केसांतच राहू द्यायचा. ती वेणी अर्धी झालीय, आता सोडायची की पुरी करायची हे त्या बाईला ठरवू द्यायचं. मी असते तर तिला वेणी पुरी घालायला लावली असती, रिबीन बांधेपर्यंत. एवढ्यात दणकन आवाज झाला, मुलीची मान गर्रकन फिरली, तोंड कानापर्यंत फाटलं आणि पडदाभर ते कॉम्प्युटरवर केलेलं काळं काहीतरी. लोक ओरडले आणि लगेच हसले. भाचीपण हसली. शेजारच्याने पॉपकॉर्न खाल्ला.

मी हसले नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

दचकणं आणि घाबरणं एक नाही, हे या लोकांना कोणी सांगत कसं नाही? मागून येऊन कानाशी कागदाची पिशवी फोडली तर कोणीही दचकेल, त्यात दिग्दर्शकाचं काय कौशल्य? आवाजाचा दणका वाईटच असतो असं मी म्हणत नाही. 1942 चा 'कॅट पीपल' घ्या. रात्री एक बाई पार्कच्या भिंतीकडेने एकटी चाललीय. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतोय. टक टक टक. मग तो मागचा आवाज बंद होतो. ही घाबरून भरभर चालायला लागते, मागे बघते, कोणी नाही. आणि फस्सकन एक बस समोर येऊन थांबते. नुसती बस! त्यानंतर कितीतरी सिनेमांनी ती युक्ती उचलली. पण त्यांनी फक्त बस घेतली, बसच्या आधीचं चालणं घेतलंच नाही. ते चालणं बघून मी आजही परळ डेपोपाशी बेस्टच्या ब्रेकचा आवाज आला की एक क्षण थबकते. कालच्या सिनेमाने मला असं काय दिलं?

बाकी थिएटरचं तर बोलायलाच नको. सिगारेट पेटवली की खाली कोपऱ्यात धूम्रपानाचा इशारा. नेमकं अंगावर काटा यायच्या वेळी मध्यंतर, दिवे, समोशाची रांग. पुढच्या ओळीत फोनचा निळा उजेड. भीती साठायला वेळ लागतो, आणि हे सगळे मिळून ती सारखी ओतून टाकतात.

लालबागच्या आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. पत्र्याचं दार, आतून लावायला वाकडी कडी, बाहेर वायरला लोंबणारा एकच पिवळा बल्ब, आणि तोही वारा आला की हलायचा. तो हलला की भिंतीवरची डबड्याची सावली लांब व्हायची, आखूड व्हायची. 1993 मध्ये 'झी हॉरर शो' सुरू झाला. रामसे बंधूंचा. केबल फक्त कोपऱ्यातल्या काकूंकडे, त्यामुळे सगळी पोरं त्यांच्या उंबऱ्यात. आज ते भाग बघितले तर मेकअपचे थर दिसतात, धुराचं मशीन कुठे ठेवलंय तेही कळतं. पण तेव्हा भाग संपल्यावर त्या गॅलरीतून चालत जावं लागायचं. दादा पुढे, मी त्याच्या बनियनचं टोक धरून मागे. मी आत असेपर्यंत त्याने बाहेर उभं राहून गाणं म्हणायचं असं ठरलेलं. गाणं थांबलं की मी आतून ओरडायचे. तो मुद्दाम थांबायचा.

दादाचं जाऊ दे.

त्याच वर्षी 'झपाटलेला' आला. आता सगळे त्याला विनोदी सिनेमा म्हणतात, आणि आहेच. पण मला तात्या विंचूची खरीखुरी भीती वाटायची. रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला कपाटावर बसून बघतोय असं वाटून मी कितीतरी रात्री भिंतीकडे तोंड करून झोपले. आता विचार केला की कळतं का ते. हसू लक्ष्याच्या वाट्याला होतं. बाहुल्याला स्वतःचं काम होतं, त्याला लक्ष्याच्या शरीरात शिरायचं होतं, आणि ते काम तो मनापासून करत होता. आत्ताच्या हॉरर-कॉमेडीत भूतसुद्धा टाळ्या घ्यायला येतं. 'मुंज्या' मी मोठ्या आशेने बघायला गेले होते 2024 मध्ये. कोकण आपलं, पिंपळ आपला, मुंजही आपली. सिनेमा वाईट नाही, लोकांना आवडला, चालला. पण तो मुंज्या इतका दिसतो, इतका बोलतो! आमच्या आजोळच्या पिंपळावरचा मुंजा कोणीच कधी पाहिला नव्हता. आजी फक्त म्हणायची, तिन्हीसांजेला पारावर बसू नका, त्याची सोडमुंज राहिलीय. तेवढ्यावर आम्ही पोरं ती वाट सोडून शेताच्या बांधावरून घरी यायचो.

आणि इमारतीतली भीती कोणाला दाखवायची असेल तर रामगोपाल वर्माचा 2003 चा 'भूत' आहेच की. मुंबईतला उंच टॉवर, लिफ्ट, वॉचमन, बाल्कनी. गाणं एकही नाही. आधीची भाडेकरू बाई बाल्कनीतून पडून गेलीय हे नवऱ्याला ठाऊक असतं, आणि फ्लॅट हवा म्हणून तो बायकोला सांगतच नाही. या शहरात घर मिळवण्यासाठी माणूस काय काय लपवेल, हे कळतं म्हणून ती भीती खरी लागते. उर्मिला मातोंडकर नुसती पलंगावर उठून बसते तेव्हाही मी आक्रसते. डोंगरातल्या बंगल्यातलं ते जोडपं तिथे का थांबतं, हे मला काल शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी दारात उभी होती.

पण तरी झोप लागली ही गोष्ट पुन्हा पुन्हा टोचतेय. कारण दुपारी भांडी आवरता आवरता वाटून गेलं की सिनेमाचा दोष कमी आणि माझाच जास्त असेल. माझ्यातच काही उरलं नसेल. आईच्या त्या रात्रींत वॉर्डबाहेरच्या बाकावर मी एकटी बसायचे. लांबलचक कॉरिडॉर, अर्धे दिवे बंद, स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज लांबून जवळ यायचा. कोणत्याही दिग्दर्शकाने हेवा करावा असा सेट होता तो. तेव्हा भुताची भीती नावालाही वाटली नाही. पहाटे नर्स आपल्याकडे चालत येताना दिसली की जे व्हायचं, ते झाल्यावर बंद खोलीची काय भीती वाटणार? मग वाटलं, आता हे संपलंच. ज्या एका गोष्टीसाठी मी दर शुक्रवारी पेपरातली जाहिरात बघायचे, ज्यासाठी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या भयकथा लायब्ररीतून आणून पांघरुणात वाचल्या, ते माझ्या हातून गेलं. लोकांचे गुडघे जातात, केस जातात. माझी भीती गेली, आणि हे सांगणार कोणाला? वहिनीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरंच झालं की!

बरं झालेलं नाही. भीती वाटायची तेव्हा घर जास्त घरासारखं वाटायचं. दिवा लावला की दिवा लावल्यासारखं वाटायचं. आईच्या कुशीत सरकायला कारण मिळायचं.

हे सगळं लिहीत असताना 'तुंबाड' आठवला, आणि त्याच्यापाशी हे म्हणणं अडतं. 2018 मध्ये तो आला तेव्हा माझा राहून गेला होता. राही अनिल बर्वेने वर्षं घालवली त्याच्यावर, खऱ्या पावसाळ्यांची वाट बघत शूटिंग केलं. धारपांच्या गोष्टींवरून सुचलेला, तुंबाडच्या मातीतला, आणि हिंदीत झाला, याचं मला अजून वाईट वाटतं, पण ते वेगळं. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. तेव्हा आईचं सगळं होऊन गेलेलं होतं. मी एकटीच गेले, मॅटिनीला. आणि मी घाबरले. हस्तर, म्हणजे त्यातला तो हावरा राक्षस, येतो तेव्हा नाही, त्याच्या आधीच. हस्तरला गुंतवायला बाप पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो, आणि एका वेळी एकच बाहुली नेता येते. मग मुलगा सुचवतो की एकदम पुष्कळ बाहुल्या नेऊ. आणि बापाला ते पटतं. पडद्यावर काहीही झालेलं नाही अजून, नुसतं पीठ मळणं चाललंय, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्या रात्री मी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपले. कणकेचं पातेलं झाकलं होतं ना, ते दोनदा उठून बघितलं.

म्हणजे गेलेली नाही. माझ्यात आहे ती. फक्त आता ती कशालाही उठून येत नाही. पूर्वी हलणारा बल्ब पुरायचा, आता माणसाचं काहीतरी खरं लागतं त्यात, हाव किंवा लपवाछपवी, नाहीतर वेणी घालणारा एखादा हात. हे मला चालेल. वर्षात एखादाच सिनेमा मिळाला तरी चालेल. बाकीचे मी बघतच राहणार, कारण चांगला कोणता निघेल ते आधी कळत नाही, आणि कालच्या त्या सिनेमात तो कंगव्याचा प्रसंग होताच की. तो ज्याने लिहिला, त्याला कुठेतरी माहीत आहे. पुढच्या वेळी त्याला कोणी आवाज वाढवायला लावू नये, एवढं मनापासून वाटतं. त्याचा दुसरा सिनेमा आला तर पहिल्या दिवशी जाईन.

भाचीला मघाशी फोन केला. म्हटलं, हो, घाबरायचे, आणि अजूनही घाबरते, तुला बघायचं असेल तर ये. ती रविवारी येतेय. 'भूत' लावणार आहे. फोन आतल्या खोलीत ठेवायचा हे तिने कबूल केलंय, थोडं कुरकुरून. मध्ये थांबवायचं नाही, पाणी-बाथरूम आधीच उरकायचं, आणि भजी सिनेमा संपल्यावर. वेळ संध्याकाळची ठेवू या म्हणत होती. मी रात्री साडेनऊची सांगितली, आणि मुक्कामाला ये असंही.