रिकामं वजन झालं नाही, म्हणजे माणूस आत आहे

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काट्यावर बसते. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन, माल टाकून निघाली की रिकामं वजन, वजाबाकी, पावती. नऊ हंगाम हेच केलं. आगीच्या ट्रेनिंगशी आपला संबंध फक्त सही करण्यापुरता, असं मी समजून होते.

ट्रेनिंग दरवर्षी व्हायचं, एप्रिलात. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज पेटून फुटलं, विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या आठवणीचा सप्ताह. जहाजात दारूगोळ्यासोबत कापसाच्या गाठीही होत्या, हे ऐकून आमच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवाल्यांनी कान टवकारले होते. पण एप्रिलात आमचा हंगाम सरलेला. यार्डात धूळ, चार हमाल आन् एक कुत्रं. भोंगा वाजला की तीन मिनिटांत सगळे बाहेर, मग फोटो, मग आलुबोंडे.

यंदा जे साहेब शिकवायला आले, ते म्हणाले, मला यार्डात कापसाच्या गंज्या भरलेल्या असताना बोलवा. सेठजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. भर हंगामात मशीन बंद! तरी जानेवारीतला एक मंगळवार ठरला, सकाळी अकराचा.

अकराला भोंगा वाजला आणि अर्ध्या रेजा, म्हणजे मजूर बाया, डबे घेऊन नळाकडे गेल्या. त्यांचं काय चुकलं? जेवणाच्या सुट्टीलाही तोच भोंगा वाजतो. जिनवरच्या बाकीच्या बाया मागच्या फाटकाकडे धावल्या, तर फाटकाला साखळी आणि कुलूप. रात्री कापूस चोरीला जातो म्हणून लावलेलं. किल्ली चौकीदाराकडे आणि चौकीदार पानठेल्यावर.

मी काट्याच्या खोलीतून हे पाहत होते. माझ्यासमोर एक म्हातारे काका बैलगाडीवर बसलेले. म्हटलं, काका, उतरा, बाहेर चला. ते म्हणाले, "कापूस सोडून कुठी जाऊ वं पोरी? वर्साचं हाये थे." मी गप्प झाले. खरी आग असती तरी ते उतरले नसते, असं मला आजही वाटतं.

मग कडुनिंबाखाली हजेरी. मुकादमानं मस्टर वाचलं, अडतीसपैकी अडतीस हजर. साहेबांनी विचारलं, "आत कोणी नाही ना?" मुकादम म्हणाला, नाही. तेवढ्यात एक रेजा रडवेली होऊन उलटी पळाली. सरकीच्या गोदामामागे तिनं लुगड्याची झोळी बांधली होती, त्यात तिचं लेकरू. मस्टरवर लेकराचं नाव कशाला असेल! प्रेसमागच्या खोलीतून रातपाळीचा फिटर डोळे चोळत आला, "काऊन गलबला करून राहिले बे?" त्याचं नाव कालच्या पानावर होतं.

साहेबांनी मग विचारलं, "आणि शेतकरी? आत्ता यार्डात किती?" मुकादमानं मुनीमजींकडे पाहिलं, मुनीमजींनी आभाळाकडे. मी काट्याची वही उघडली. सतरा गाड्यांचं भरलेलं वजन होतं, रिकामं नव्हतं. म्हणजे सतरा गाड्या आत. गाडीमागे एक ड्रायव्हर, एक मालक, कुठं पोरगाही. मस्टरवर अडतीस, आणि त्याच्याबाहेरचे निदान तीसेक. नऊ वर्षं हा हिशोब माझ्याच टेबलावर पडून होता.

त्या दिवसापासून मी गाडीच्या नंबरापुढे माणसांचा आकडाही लिहिते, लेकरं धरून. रिकाम्या वजनाला तेवढीच माणसं बाहेर निघतात का ते पाहते. इशारा झाला की मोबाईल राहिला तरी चालेल, वही घेऊन कडुनिंबाखाली जायचं, हे माझं काम. आता आगीचा इशारा म्हणजे तुटक-तुटक भोंगा, लांब भोंगा जेवणाचा. मागच्या फाटकाचं कुलूप निघालं, आतून कडी आली. सेठजी अजून कुरकुरतात, कारण आता रात्री तिथं एक माणूस जास्तीचा बसवावा लागतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३८ व्या कलमात सुटकेची वाट आणि कामगारांना शिकवणं, दोन्ही लिहिलेलं होतं, असं साहेब म्हणाले. मला त्यांचं दुसरं बोलणं जास्त लक्षात राहिलं. कापसात खडा किंवा खिळा आला की जिनमध्ये ठिणगी उडते, आणि ओढणाऱ्या हवेबरोबर ती पाइपातून पुढे जाते. सरकी काढलेल्या रुईवर जाळ वरच्यावर पळतो, विझवायची पावडर मारली की दिसेनासा होतो, पण आत धुमसत राहतो. म्हणून पेटलेली गाठ विझली असं समजायचं नाही. बाकीच्या गाठींपासून दूर, उघड्यावर नेऊन कित्येक दिवस नजर ठेवायची. विजेच्या पॅनलवर पाणी मारायचं नाही, तिथं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर. आणि १०१ लावल्यावर पत्ता सांगताना "मारुतीच्या पारापासून डावीकडे" हेही सांगायचं, कारण बंब तालुक्याहून येतो आणि आमच्या वळणावर पाटी नाही.

पाटीसाठी मी दोनदा बोलले आहे.

ते काका परवा पुन्हा आले, शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन. मी विचारलं, सोबत कोण? म्हणाले, "म्या आन् दोन बैल. बैलंही लिवतं का वं?"

लिहिले.