हलकी गोळी, कमी दारू : लेकीसाठी .308 ची काडतुसं

लेकीच्या रायफलसाठी खांद्याला कमी धक्का देणारी काडतुसं घरी भरायचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. गोळी ठरली, बंदुकीची दारू ठरली, शंभर यार्डांवर गटही (ओळीने झाडलेल्या गोळ्यांची भोकं किती जवळ पडतात ते) नीट पडतोय. इथे विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरात पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन दिवसांचा हरणांचा हंगाम असतो, त्याच्या आत झीरो (ठरलेल्या अंतरावर स्कोपची खूण आणि गोळीचा मार जुळवणं) पक्का करायचाय. भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे ही नोंद अमेरिकेत राहून परवान्यावर शिकार करणाऱ्या आणि घरी काडतुसं भरणाऱ्या आपल्या मंडळींसाठी.

रायफल साधी बोल्ट-अ‍ॅक्शन, .308 विंचेस्टर काडतुसाची, स्कोपसकट 8 पौंड. दस्ता लेकीच्या हाताच्या मापाचा करून घेतला आणि मागे जाड रबरी पॅड बसवला. कमी धक्क्याची .243 ची रायफल नवी घे, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. सल्ला वाईट नाही. पण .308 घरात आहे, तिची नळी चांगली आहे, आणि पोरगी मोठी झाली की तीच रायफल पूर्ण ताकदीने वापरू शकेल. म्हणून मी काडतूसच बदलायचं ठरवलं.

‘हलकी गोळी घातली की धक्का कमी’ हे सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे, आणि आकडे मांडले की लगेच दिसतं. धक्क्याचं गणित गोळीचं वजन, तिचा वेग, दारूचं वजन आणि रायफलचं वजन यांवर चालतं. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग मी 4,000 फूट प्रति सेकंद धरला. माझं नेहमीचं काडतूस 150 ग्रेनच्या गोळीचं (ग्रेन हे वजनाचं माप, एका पौंडात 7,000), वेग 2,800 फूट, दारू 46 ग्रेन. त्याचा धक्का साडेचौदा फूट-पौंडांच्या (धक्क्याच्या ऊर्जेचं माप) आसपास येतो. आता नुसती गोळी 125 ग्रेनची घेतली आणि दारू पुरेपूर भरून ती 3,050 फुटांनी पळवली, तर धक्का 13 वर येतो. म्हणजे खांद्याला फारसा फरक नाही, वर आवाज आणि झोत तसाच. उलट 150 ग्रेनचीच गोळी ठेवून वेग 2,400 वर आणला तर आकडा साडेदहाच्या जवळ जातो. आणि दोन्ही एकत्र केलं, 125 ग्रेन, 2,400 फूट, दारू साधारण 36 ग्रेन, तर धक्का आठच्याही खाली! जवळजवळ निम्मा. (दारूचे हे आकडे फक्त हिशोबासाठी आहेत. भरताना मात्रा मॅन्युअलमधूनच घ्या.)

पण वेग उतरवला की गोळी निवडायचा प्रश्नच बदलतो, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. शिकारीची गोळी लागल्यावर फुलली पाहिजे. फुलायला तिला वेग लागतो. 3,000 फुटांसाठी बांधलेली टणक गोळी 1,700 फुटांनी लागली तर पेन्सिलीएवढं भोक पाडून पलीकडे निघून जाते, आणि जखमी हरीण मैलभर जातं. ते मला नको आहे. म्हणून वजनाआधी मी प्रत्येक गोळीचा किमान वेग पाहिला. नॉस्लरच्या बॅलिस्टिक टिप या शिकारीच्या गोळीसाठी कंपनी 1,800 फूट सांगते. 125 ग्रेनची .30 कॅलिबरची बॅलिस्टिक टिप 2,400 ने निघाली तर शंभर यार्डांवर 2,200 च्या आसपास असते, दोनशेवर 2,000 च्या जवळ. आमच्या रानात शंभराच्या पुढचा नेम क्वचितच मिळतो, तेव्हा हाताशी भरपूर शिल्लक राहते.

110 ग्रेनच्या व्ही-मॅक्ससारख्या गोळ्या हलक्या आणि स्वस्त मिळतात. त्या मी यादीतून पहिल्यांदा काढल्या. त्या प्रेरी डॉग, कोयोटी अशा लहान जनावरांसाठी आहेत, लागताक्षणी फुटायला बनवलेल्या. हरणाच्या खांद्याच्या हाडावर तशी गोळी बसली तर वरवरची मोठी जखम होते आणि छातीत काही पोचत नाही. हलकी आणि नाजूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या माणसाने दुकानात उभं राहूनच लक्षात ठेवावं.

सबंध तांब्याच्या गोळ्यांचा मी गंभीरपणे विचार केला. त्यांचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे मांसात शिसं जात नाही, आणि आतडी रानात टाकल्यावर ती खाणाऱ्या गरुडांनाही धोका नाही. कॅलिफोर्नियात तर 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी बिनशिशाचीच गोळी लागते. शिवाय वजन टिकून राहत असल्याने हलकी तांब्याची गोळीही खोल जाते. अडचण एकच, तांबं कमी वेगाला फुलायला कुरकुरतं. याला चांगला अपवाद म्हणजे बार्न्सची 110 ग्रेनची टॅक-टीएक्स. ती मुळात .300 ब्लॅकआउट या काडतुसासाठी, म्हणजे मंद वेगासाठीच बांधलेली आहे. पुढची चाचणी तिची.

तिसरा रस्ता .30-30 या जुन्या काडतुसाच्या गोळ्यांचा. व्यास तोच, .308 इंच, आणि त्या मुळातच बेताच्या वेगाला फुलतील अशा. .30-30 विंचेस्टर 1895 पासून अमेरिकेतल्या रानांत हरणं पाडतंय, 150 ग्रेन आणि 2,400 च्या आतबाहेरचा वेग. आमचं नवं काडतूस म्हणजे त्याच घराण्यातलं जरा हलकं भावंड. ‘एवढ्याने हरीण पडेल का’ असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं. पडतं, नेम जागेवर असला तर.

दारूच्या बाबतीत मी प्रयोग केले नाहीत आणि कुणी करूही नयेत. दारू विकणाऱ्या हॉजडन कंपनीने एच4895 या दारूसाठी स्पष्ट नियम दिलाय: त्यांच्या मॅन्युअलमधली एच4895 ची कमाल मात्रा घ्यायची आणि तिच्या 60 टक्क्यांच्या खाली जायचं नाही. हा नियम याच दारूचा. एच4831 सारखी मंद जळणारी दारू फार कमी भरली तर दाब अचानक वेडावाकडा चढू शकतो, बॉल (गोल दाण्यांची) दारूही कमी करायची नसते. नावात 4895 दिसलं म्हणून आयएमआर4895 या वेगळ्या दारूला हा नियम लावू नका. मी साधारण 75 टक्क्यांवर थांबलोय. एच4895 मध्ये आणखी एक बरं आहे, चुकून दुप्पट भरली तर .308 च्या केसमधून (काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून) ती बाहेर सांडते, लक्षात येतंच. तरी गोळी बसवण्याआधी ट्रेवर टॉर्च मारून प्रत्येक केसमधली पातळी बघायची सवय मी मोडत नाही.

केस अर्धवट रिकामी राहते, मग दारू पुढे सरकली की मागे याने फरक पडतो का, तेही पाहिलं. नळी आधी आकाशाकडे करून सावकाश खाली आणली आणि झाडली, मग जमिनीकडे करून वर आणली आणि झाडली, दोन्ही वेळा क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) नजर. वेगातला फरक किरकोळ निघाला. ही दारू थंडीगरमीनेही फारशी बदलत नाही, आणि नोव्हेंबरातल्या आमच्या पहाटा बघता ते महत्त्वाचं.

आता लेकीचं. टार्गेटवरचा गट कितीही लहान असला तरी ती दचकते का, हे त्यातून कळत नाही. म्हणून मी तिच्या नकळत मध्येच एखादं रिकामं, डमी काडतूस घालतो. घोडा नुसता ‘टक्’ वाजतो आणि त्या क्षणी नळीचं टोक काय करतं ते दिसतं. जुन्या काडतुसांवर टोक बोटभर खाली जायचं, डोळे घट्ट मिटायचे. नव्या काडतुसांवर टोक जागेवर राहतं. परवा तर ‘टक्’ झाल्यावर ती स्कोपमधून डोळा न काढता म्हणाली, “बाबा, ही वाजलीच नाही.” कानाला प्लग आणि वर मफ, दोन्ही लावतो, कारण निम्मं दचकणं आवाजाचं असतं. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी बसवायचा, धक्का कमी करणारा भाग) मी मुद्दाम लावला नाही, त्याने खांदा वाचतो पण कानाला फार लागतं.

सध्याचा हिशोब असा: 125 ग्रेनची बॅलिस्टिक टिप, शंभर यार्डांवर गट सव्वा इंचाच्या आसपास. जुन्या काडतुसांपेक्षा मार खाली बसतो, त्यामुळे स्कोप नव्याने लावावा लागला आणि आता या रायफलला दोन प्रकारची काडतुसं चालवायची नाहीत. झीरो शंभरावर ठेवला तर दीडशेवर गोळी सुमारे 2 इंच खाली, दोनशेवर साडेपाच-सहा इंच. लेकीसाठी हद्द शंभर यार्डांची, तीही काठीचा आधार घेऊन बसून. पुढच्या आठवड्यात बाकावरून उठून तशाच बैठकीतून झाडायला लावणार आहे, आणि बार्न्सची पेटी आली की तिचा वेग आणि गट इथेच लिहितो. कुणी .308 मध्ये एच4895 वर टॅक-टीएक्स चालवली असेल तर क्रोनोग्राफचे आकडे जरूर कळवा.