आमची वाटचाल : त्र्यंबक-शिर्डीच्या गाड्यांपासून शिडाच्या बोटीपर्यंत

नाशकात समुद्र नाही आणि आम्ही याटच्या, म्हणजे शिडाच्या बोटींच्या सहली ठरवून देतो, याचं लोकांना अजून हसू येतं. धंद्याची सुरुवात त्र्यंबक-शिर्डीच्या गाड्या लावण्यापासून झाली, इथल्या बहुतेक ट्रॅव्हल्सवाल्यांची होते तशीच. मग वायनरीच्या सहली आल्या, द्राक्ष निर्यातदारांशी ओळखी झाल्या. त्यांतल्याच एका काकांना मुला-सुनांना घेऊन ग्रीसमध्ये आठवडाभर बोट हवी होती. अट एकच, "समुद्र नासवून मजा नको." ती अट आम्ही पुढे सगळ्याच सहलींना लावली.

बोट ठरवताना आमचा पहिला प्रश्न असतो, संडासाची टाकी कुठं रिकामी करता? एक बोटवाला हसला. "समुद्र केवढा मोठाय, साहेब!" त्याची बोट घेतली नाही. टाकी किती लिटरची, तेवढ्या माणसांना किती दिवस पुरेल, बंदरात पंपानं उपसून घ्यायची सोय आहे का, हे लेखी आल्याशिवाय आम्ही ॲडव्हान्स भरत नाही. निर्यातदारांना हे पटवावं लागत नाही. द्राक्षांत फवारणीचा किती अंश उरलाय हे सांगणाऱ्या रेसिड्यू रिपोर्टशिवाय त्यांचाही कंटेनर हलत नाही.

दुसरा प्रश्न नांगराचा. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाची वनस्पती गवतासारखी पसरते, तीही वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर. नांगर फरफटला की मुळासकट उपटते. स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी २०१८ मध्ये तिच्यावर नांगर टाकायलाच बंदी घातली. म्हणून मुक्कामाच्या जागा निवडताना तळाला वाळू किंवा बोट बांधायला पक्का बोया (तळाशी जखडलेला तरंगता पिंप) आहे का, ते बघतो.

शीड आहे म्हणून डिझेल वाचतंच असं नाही. वारा समोरून आला की इंजिन लावावंच लागतं. त्यामुळे रोजचे टप्पे छोटे ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा झोडपतो, तेव्हा नवख्यांना ग्रीसच्या पश्चिमेकडच्या, कमी वाऱ्याच्या आयोनियन बेटांकडे वळवतो. चिवडा-चकल्या स्टीलच्या डब्यात घ्या, हे सांगणं तर ओघानं आलंच.

पण ग्रीसपर्यंतच्या विमानाचा धूर स्टीलच्या डब्यांनी भरून निघत नाही, हेही आम्ही पैसे घेण्याआधीच सांगतो. ज्यांना ते खटकतं त्यांच्यासाठी जवळची सहल आहे: नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई आणि गेटवेहून काही तासांसाठी शिडाची बोट. पावसाळा सोडून कधीही या. फक्त पंचवटीचं आरक्षण आधी करा, सुट्टीच्या दिवसांत जागा मिळत नाही.