धुळ्याच्या थंडीतला स्लॅब

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वास्तुशांत करायची म्हटलं की मालकाला जानेवारीतच स्लॅब पडलेला पाहिजे असतो. त्यामुळे धुळ्यात ऐन हिवात मिक्सरची घरघर जास्त. खान्देश म्हणजे नुसतं ऊन, असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं. इथे कडाका पडला की पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि वर तोरणमाळला दव गोठतं.

तरी मला विचाराल तर मे महिन्यातल्या स्लॅबपेक्षा मी जानेवारीतला कधीही पत्करेन. मेमध्ये ४३-४४ अंशांत काँक्रीटचा माल पसरून पाटा मारेपर्यंत वरून सुकतो, संध्याकाळी तडे दिसतात. थंडीत सिमेंट बिघडत नाही, फक्त रेंगाळतं. २० अंशांना जेवढ्या वेळात माल धरतो, म्हणजे घट्ट होतो, १० अंशांना त्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. पुढे ताकद मात्र पुरी येते. काँक्रीट गोठलं तर गोष्ट वेगळी, पण धुळ्यात तेवढी वेळ येत नाही.

घोळ होतो तो सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू, खोलताना. आठवडा झाला की मिस्त्री विचारणारच, "सात दिन व्हयनात भाऊ, प्लेटा खोली लेऊत का?" प्लेटांचं भाडं रोज चढत असतं, त्याचंही चुकत नाही. पण हे सात दिवस आले कुठून? आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढा असं आहे खरं, पण त्यालाच तीन अटी जोडल्या आहेत: हवा १५ अंशांच्या खाली जाता कामा नये, सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलँड) हवं आणि पाणी पुरेसं मारलेलं हवं. आपल्याकडे रात्री हवा १५ च्या कितीतरी खाली, आणि दुकानातून येणारी बहुतेक पोती पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या, मुळातच सावकाश चालणाऱ्या सिमेंटची. पहिल्या दोन्ही अटी मोडल्यावर सात दिवसांचा आकडा कसा टिकेल? हिवाळ्यात मी लहान गाळ्यालाही दोन आठवड्यांच्या आत टेकू हलवू देत नाही.

बाकी सोपं आहे. माल सकाळी नऊ-दहाला सुरू करायचा, म्हणजे दिवसभराचं ऊन मिळतं. पाणी शक्यतो बोअरचं ताजं घ्यायचं. थंडीत ते कोमट असतं, रात्रभर उघड्या टाकीतलं बर्फासारखं. वर आलेलं पाणी लवकर उडत नाही म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटायचं नाही, नंतर पापुद्रे सुटतात. संध्याकाळी प्लास्टिक आणि वर गोणपाट टाकायचं. इथली थंडी कोरडी, वारा पृष्ठभाग ओढून घेतो. थंडीत पाणी कमी मारलं तरी चालतं, हा समज साफ खोटा. स्लॅबवर आळी, म्हणजे छोटे बांध, बांधून निदान दहा दिवस पाणी ठेवायचंच.

आणि माल लवकर धरावा म्हणून मीठ टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला साइटवर थांबू देऊ नका. आतली सळई गंजते.

जास्तीच्या दिवसांचं प्लेटांचं भाडं मी आताशा कोटेशनमध्येच धरतो. मालक घासाघीस करतोच, मग मी टाइल्सच्या भावात काय सोडायचं ते सोडतो.